खुराड्याचं बंद दार

१

सोमवारी सकाळी तिने उबेच्या पेटीतून पहिली बशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. गुरुवारी याच बशीतले भ्रूण कसे टवटवीत होते, पुन्हा पुन्हा कौतुकाने बघावेत असे. आता ते काळपट पडले होते, चुरगळले होते. तिने दुसरी बशी काढली, मग तिसरी. तीन जोडप्यांची आशा तीन बश्यांत मरून पडली होती.

पेटीची ऊब बरोबर होती. आतला वायू बरोबर होता. गजर एकदाही वाजला नव्हता. प्रयोगशाळेचं दारही बंदच होतं. ते तिच्या किंवा मोठ्या डॉक्टरांच्या अंगठ्याशिवाय उघडत नसे.

ही जागा म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या पहिल्या मजल्यावरचा प्रजनन उपचार विभाग. मूल होत नाही आणि खासगी दवाखान्याची पायरी चढणं परवडत नाही, अशा बायकांसाठी अख्ख्या शहरात एवढा एकच आसरा. इथे शरीराबाहेर बीज जुळवायचं, भ्रूण काही दिवस वाढवायचा आणि मग आईच्या पोटात सोडायचा, असं काम चालायचं. भूल देणारे डॉक्टर मोठे टवाळ. अंडी काय, ऊब काय, म्हणून त्यांनी प्रयोगशाळेला 'खुराडं' म्हणायला सुरुवात केली आणि तिथल्या भ्रूणतज्ज्ञ बाईंना 'खुराडेवाली'. आधी तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग तिनेच दारावर कोंबडीचं चित्र चिकटवलं आणि नाव कायमचं झालं.

ते चित्र आज तिला बघवेना. विभागाचं पहिलं वर्ष झकास गेलं होतं. या दुसऱ्या वर्षात मात्र हे चौथ्यांदा घडत होतं, आणि प्रत्येक वेळी असंच, बंद दाराआड.

मोठे डॉक्टर, म्हणजे विभागाचे प्रमुख, तिन्ही बश्या स्वतः बघून आले. मग म्हणाले, "दार तुझ्या अंगठ्याने उघडतं. मी वर काय सांगू, तूच सांग."

"सर, बसवालीचं काय?"

बसवाली म्हणजे शहर बस चालवणारी एक पेशंट. तिची इंजेक्शनं पूर्ण झाली होती. उद्या तिची अंडी काढली नाहीत तर ती वाया जाणार होती. सरकार तीन प्रयत्नांचा खर्च करी, तोही ठरावीक वयापर्यंतच. बसवालीचा हा तिसरा प्रयत्न होता आणि पुढच्या वाढदिवसाला वयाची अटही आड येणार होती.

डॉक्टरांनी वर फोन केला. उत्तर आलं ते असं: बसवालीची अंडी काढा, पण हा शेवटचा घाणा. हे भ्रूणही मेले तर पुढच्या सोमवारी विभागाला टाळं आणि भ्रूणतज्ज्ञ बाई घरी. तोवर एक चौकशी अधिकारी येईल.

"कोण येणार आहे?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मुंगी."

२

मुंगी बुधवारी सकाळी आली. आरोग्य खात्याच्या दक्षता शाखेतली ही बाई बुटकी, किरकोळ, आणि एकदा कुठे शिरली की साखर सापडेपर्यंत न हलणारी. औषधांच्या चोऱ्या पकडण्यात तिची हयात गेली होती. लोक मागून मुंगी म्हणतात हे तिला ठाऊक होतं, आणि तिची त्याला हरकतही नव्हती.

खुराड्याच्या दाराशी खुराडेवालीने तिला अडवलं. "आधी केस धुऊन या."

"मी चौकशीला आले आहे, बाई."

"हो, पण तेल वासाचं लावलंय तुम्ही. इथे अत्तर, पावडर, वासाचा साबण काही चालत नाही. भ्रूणाला नाक नसतं, पण वास त्याला विषासारखा लागतो."

मुंगी निमूट गेली आणि बिनवासाच्या साबणाने केस धुऊन, ओल्या डोक्यावर टोपी चढवून परत आली. खुराडेवालीला ती तिथेच थोडी आवडली.

आत तीन पेट्या, एक सूक्ष्मदर्शक, एक स्टूल. खिडकी नाही. दार उघडताना अंगावर वाऱ्याची झुळूक आली तशी मुंगी थबकली.

"ही हवा बाहेर का येते आहे?"

"मुद्दाम तसं केलंय. आतला दाब जास्त ठेवतो. त्यामुळे वॉर्डातली घाण, वास काही आत शिरत नाही. आत येणारी हवा मागच्या भिंतीतल्या झडपेतून पंखा बाहेरून ओढतो, गाळणीतून. धुळीचा कणसुद्धा येत नाही."

"कोणी आत येऊन पेटी उघडली तर?"

"पेटीला आठवण असते. दार उघडलं की नोंद होते. चारही वेळा मी उघडली तेव्हाच उघडली होती."

"आत येणारे दोघेच. डॉक्टर तिसऱ्या वेळी परदेशात परिषदेला गेले होते, मी बघून आले आहे. म्हणजे उरलात तुम्ही."

"हो," खुराडेवाली म्हणाली. "मी उरले. पण मी केलेलं नाही."

मुंगीने स्टूल ओढलं. तिथेच पेटीत बसवालीची अंडी होती; काल बीज जुळवलं होतं आणि आज सकाळी त्यातली पाच फळलेली दिसली होती. मुंगी त्या पेटीकडे बघत म्हणाली, "त्या चार आठवड्यांत आणखी काय घडलं होतं? काहीही सांगा. फालतू वाटलं तरी."

खुराडेवाली घुटमळली. हे तिने अजून कोणापाशी काढलं नव्हतं, कारण त्याने इथल्याच कोणावर तरी बोट जात होतं. "चारही वेळा निरोपाचा आठवडा होता."

"कसला निरोप?"

"इथे एखादीला दिवस गेले, बाळाचे ठोके ऐकू आले, की आमचं काम संपतं. ती प्रसूती विभागात जाते. शनिवारी तिला निरोप देतात. मी कधी जात नाही, खाली जाऊन आलं की पुन्हा अंघोळ, पुन्हा कपडे. पण ज्या आठवड्यात कोणी हसत घरी गेली, त्याच आठवड्यात इथले मेले."

"म्हणजे कोणाला तरी ते हसणं बघवत नाही."

"असंच वाटतं."

"पुढचा निरोप कधी?"

"या शनिवारी. ग्रंथपाल बाईंचा." तिने पेटीवर हात ठेवला. बसवालीच्या पाचही जिवांना तोवर याच पेटीत राहायचं होतं.

३

मुंगी तिला सगळीकडे बरोबर फिरवू लागली. संशयित नजरेसमोर असलेला बरा, असं तिने सरळ तोंडावर सांगितलं.

मोठ्या डॉक्टरांची खोली मागच्या अंगणाच्या बाजूला होती. खिडकीतून नव्या पत्र्याच्या छपराखाली उभी असलेली त्यांची गाडी दिसत होती, आणि बोलताना त्यांची नजर अधूनमधून तिथे जात होती.

"संध्याकाळी तुम्ही खासगी दवाखान्यात हेच उपचार करता," मुंगी म्हणाली. "हा विभाग बंद पडला तर रांग तिकडे वळेल."

"ती रांग तिकडे कशी वळेल? त्यांच्याकडे तेवढं असतं तर त्या इथे वर्षभर थांबल्या असत्या का? त्या घरी जातील आणि गप्प बसतील. वरचे साहेब मला काय म्हणाले माहीत आहे? मूल ही हौस आहे, हौसेला सरकारी खाट कशाला."

"तुम्ही काय म्हणालात?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "त्या वेळी काही बोललो नाही."

मुंगीने छपराकडे बोट केलं. "नवं दिसतंय."

"या वर्षीच झालं. उन्हाने गाडीचा रंग उडायचा. मागून मागून थकलो तेव्हा मिळालं. आधी तिथे काहीतरी अडगळ होती." मग त्यांनी आवाज उतरवला. "तुम्ही निरोपाचं विचारत होतात ना? वाईट वाटतं बोलायला. पण अक्कांना मूलबाळ नाही. निरोपाच्या आठवड्यात त्या रोज संध्याकाळी मागच्या दाराने कुठेतरी जातात. किल्ली त्यांच्याकडेच असते. विचारलं की विषय बदलतात."

अक्का म्हणजे विभागाच्या थोरल्या सिस्टर. रडणाऱ्या बाईच्या पाठीवर हात ठेवावा तर तो अक्कांनीच. खुराडेवालीने दोन वर्षांत त्यांच्या तोंडून वाकडा शब्द ऐकला नव्हता. तिला डॉक्टरांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण हीच शंका गेले काही दिवस तिलाही कुरतडत होती.

४

बसवाली गुरुवारी दुपारी ड्युटी संपवून खाकी गणवेशातच आली. नवरा शिंपी, तो दुकान सोडून येऊ शकला नव्हता. तिने आधी विचारलं, "माझी पोरं कशी आहेत?"

"पाचही वाढताहेत," खुराडेवाली म्हणाली. "आज सकाळी बघितली."

"बरोबर वागताहेत ना? नाहीतर आई येऊन कान पिळेल म्हणावं." ती हसली, आणि हसता हसताच डोळे पुसले. "माफ करा. बस चालवताना रडत नाही मी, इथे आलं की नळ सुटतो."

मुंगीने विचारलं, "मागचा प्रयत्न फसला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? हॉलमध्ये बसवेना. सगळ्या आशेने बघत असतात आपल्याकडे, त्यांच्यासमोर कसं रडायचं? मागच्या अंगणात गेले. संध्याकाळ होती. कोपऱ्यात पायऱ्यांवर बसून घेतलं रडून."

"तिथे कोणी दिसलं?"

बसवालीने खुराडेवालीकडे बघितलं. "सांगू का? कोणाला अडचणीत आणायचं नाही मला."

"सांगा."

"अक्का दिसल्या. आणि रुग्णालयाचे ते सुतारकाका. दोघं मिळून काहीतरी उचलून मागच्या फाटकाकडे नेत होते. चादरीत गुंडाळलेलं. जपून, एकेक पाऊल टाकत, जसं एखादं..." ती थांबली. "मला तर धडकी भरली. अक्कांनी मला बघितलं आणि चादर आणखी ओढून घेतली. मग मी डोकं धरून घरी गेले. त्या दिवशी डोकं असं चढलं होतं की रात्रभर उतरलं नाही. मला वाटलं, रडून."

चादरीखाली काय असेल याचा खुराडेवालीला अंदाज बांधवेना.

मुंगीचे डोळे मात्र बारीक झाले होते. "कुठे बसला होतात म्हणालात? नेमकं?"

"मागच्या पायऱ्यांवर. वर तुमची ती जाळीची झडप आहे ना भिंतीत, घों घों करणारी. तिच्या खालीच."

५

अक्का औषधांच्या खोलीत ट्रे लावत होत्या. चादरीचं नाव निघताच त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

"अक्का, तीन जोडप्यांचे भ्रूण मेले," मुंगी म्हणाली. "त्याआधी आणखी कितीतरी. या पोरीची नोकरी जाते आहे. बसवालीला पुढे प्रयत्न नाही. आणि तुम्ही सांगणार नाही?"

"त्या चादरीचा आणि याचा काही संबंध नाही." अक्कांचा आवाज कापत होता. "ते सांगायचं नसतं. आमचं ठरलेलं आहे. वाईट काही नाही, एवढ्यावर विश्वास ठेवा."

"कोणाशी ठरलंय?"

खुराडेवालीने अक्कांचा हात धरला. "अक्का, मी वर एकटी असते. खाली काय चालतं मला कळत नाही. तुम्ही मला लेकीसारखं वागवलंत. मला तरी सांगा."

अक्कांनी मान फिरवली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पुसायला त्यांनी हात वर केला आणि मुंगीने तो हात हवेतच धरला. पांढऱ्या बाहीच्या कडेला मधाच्या रंगाचा एक डाग होता. मुंगीने त्यावर नख घासलं. डाग जुना होता, कडक झालेला, चकचकीत.

मुंगीने तो नाकाशी नेला. मग खुराडेवालीकडे वळली. "तुम्ही म्हणालात, आत दोघेच जातात. चुकलात. तिसरा एक जण जातो, आणि त्याला दार उघडावं लागत नाही."

"कोण?"

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

"शनिवारी निरोप आहे आणि अशी वस्तू वाळायला एक दिवस तरी लागतो." मुंगीने अक्कांचा हात सोडला. "अक्का, सुतारकाका आत्ता कुठे आहेत?"

अक्कांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "ड्युटी संपली त्यांची. आता ते... खाली बसले असतील."

"पळा," मुंगी म्हणाली, आणि स्वतः सगळ्यांच्या आधी पळाली.

६

खुराडेवालीने त्या मागच्या पायऱ्या आधी कधी उतरल्याच नव्हत्या. ती रोज पुढच्या दाराने यायची आणि पुढच्या दाराने जायची. मागे मोकळं अंगण आहे, एवढंच तिला माहीत होतं, आणि तेही पहिल्या वर्षीचं.

पायऱ्यांच्या पोटाशी, भिंतीला टेकून, एका ताडपत्रीखाली सुतारकाकांचं बस्तान होतं. रंधा, करवत, भुशाचा ढीग. थेट डोक्यावर, भिंतीत, जाळीची झडप घों घों करत हवा ओढत होती. काकांच्या मांडीजवळ एक पत्र्याचा डबा होता, नुकतंच झाकण उचकटलेला. त्यांच्या हातात ब्रश होता, अजून कोरडा. आणि समोर एक पाळणा होता.

छोटा, लाकडी, कडा हाताने गोल केलेल्या. डोक्याच्या बाजूला एक उघडं पुस्तक कोरलेलं. ग्रंथपाल बाईंसाठी.

"काका, डबा बंद करा," मुंगी ओरडली.

काका गडबडले. त्यांना वाटलं चोरीचा आळ आला. "लाकूड माझ्या घरचं आहे, बाई. रुग्णालयाचा एक खिळाही नाही त्यात."

मुंगीने उत्तर न देता झाकण दाबलं, डबा छातीशी धरला आणि अंगणातून थेट फाटकाबाहेर गेली. त्या किरकोळ देहाला तो डबा पेलवत नव्हता, पण तिने कोणालाही हात लावू दिला नाही. खुराडेवाली उलट पावली वर धावली, अंगठा टेकवला, आणि झडपेचा पंखा बंद केला. मग बंद दाराला पाठ लावून उभी राहिली आणि देवाचं नाव न घेताच हात जोडून काहीतरी मागत राहिली.

७

थोड्या वेळाने सगळे अंगणात जमले. मोठे डॉक्टरही आले. मुंगी भुशाच्या ढिगाजवळच्या ओंडक्यावर बसली आणि तिने एकेक धागा सोडवायला घेतला.

"माणूस आत जात नाही, पेटी उघडत नाही, तरी भ्रूण मरतात. मग आत काय जातं? फक्त हवा. दारातून जात नाही, दारातून ती बाहेर येते हे मी स्वतः अंगावर घेतलं. म्हणजे मागच्या झडपेतून. धूळ गाळणीत अडकते. वास अडकतो का?"

"नाही," खुराडेवाली म्हणाली. "त्याला कोळशाची गाळणी लागते. दोनदा मागितली होती. सध्या आवश्यकता नाही, असं उत्तर आलं."

"तुम्हाला वास आला का कधी?"

"सकाळी मी येते तेव्हा हवा स्वच्छ असते. पण..." तिचा आवाज आता चढला होता, कारण तिला पुढचं सगळं एकदम दिसलं होतं. "बशीत भ्रूणावर तेलाचा थर असतो. खोलीतला वास जातो, तेल मात्र तो धरून ठेवतं. दिवसेंदिवस."

"बसवालीचं डोकं चढलं ते रडून नाही. अक्कांच्या बाहीवर वॉर्निश आहे. आणि निरोप तर पहिल्या वर्षीही होत होते, तेव्हा काही बिघडलं नाही. मग या वर्षी काय बदललं? काका, तुम्ही आधी कुठे बसायचात?"

काकांनी पत्र्याच्या छपराकडे बघितलं. डॉक्टरांच्या गाडीकडे. "तिथे. माझी शेड होती. पाडली. मग इथे आलो."

अडगळ हा शब्द डॉक्टरांना आठवला असावा, कारण त्यांचे कान लाल झाले होते.

"आणि हे गुपित का?" मुंगीने अक्कांना विचारलं. या वेळी मऊ आवाजात.

"हॉलमध्ये बसलेल्या बायका बघितल्यात ना?" अक्का म्हणाल्या. "कोणाचा पहिला फसलाय, कोणाचा दुसरा. त्यांच्या डोळ्यांसमोरून पाळणा न्यायचा? काकांनी पहिला पाळणा आणला तेव्हाच मी त्यांना शपथ घातली. कोणाला कळता कामा नये. मागच्या दाराने, चादरीत गुंडाळून, थेट तिच्या घरी. हिलाही सांगितलं नाही, कारण ही वर त्याच बायकांच्या बश्या सांभाळते."

सुतारकाका अजून ब्रश धरून होते. त्यांना आता कळत होतं. ते हळूहळू खाली बसले. "म्हणजे मी एकीचा पाळणा रंगवला की दुसरीचं... माझ्या हाताने?"

खुराडेवाली त्यांच्यासमोर भुशात बसली. दोन वर्षांत तिने कामाच्या कपड्यांना धूळ लागू दिली नव्हती.

"काका, मला वाईट वाटतंय. खूप. मेलेले माझ्याच हातात मेले. पण तुम्ही ते केलं नाहीत. तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही ब्रश तोडून टाकला असता. मला पाळणा माहीत असता तर मी पहिल्याच दिवशी धावत आले असते. आपण सगळे एकमेकांना जपत गप्प बसलो."

काकांनी ब्रश मोडला. दोन तुकडे केले, आणि मग तोंड झाकून घेतलं. अक्का त्यांच्या शेजारी बसल्या आणि सवयीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"बसवालीच्या पाच जिवांचं काय?" मुंगीने विचारलं. "डबा उघडा होता. झडप चालू होती."

"किती वेळ उघडा होता?"

"तुम्ही आलात तेव्हा नुकताच उघडला होता," काका म्हणाले. "ब्रश बुडवला नव्हता."

"उद्या कळेल," खुराडेवाली म्हणाली. त्या रात्री कोणालाच धड झोप लागली नाही.

८

शुक्रवारी सकाळी तिने पेटी उघडली तेव्हा मुंगी मागे उभी होती, बिनवासाच्या साबणाने दोनदा केस धुऊन. खुराडेवालीने बशी ठेवली. डोळा लावला. बशी थोडी सरकवली, पुन्हा डोळा लावला.

"अहो, जीव घ्याल माझा," मुंगी म्हणाली.

"पाचही," ती म्हणाली. "पाचही टवटवीत आहेत." आणि मग ज्या बाईला ती भीत होती तिच्याच खांद्यावर डोकं टेकवून तिने रडून घेतलं.

रविवारी बसवालीच्या पोटात एक भ्रूण सोडला, उरलेले चार गोठवून ठेवले. सोमवारी वरचे साहेब टाळं घेऊनच आल्यासारखे आले. मुंगीने त्यांच्यापुढे सगळं मांडलं. विभाग चालू राहावा. कोळशाची गाळणी याच आठवड्यात बसावी. आणि ज्यांचे भ्रूण या हवेने मेले, त्यांचा तो प्रयत्न मोजू नये. चूक रुग्णालयाची, मग वजा त्यांच्या वाट्यातून का?

साहेब म्हणाले, "बाई, शेवटी ही हौस आहे."

या वेळी मोठे डॉक्टर उठून उभे राहिले. "साहेब, हौसेसाठी कोणी वर्षभर रांगेत उभं राहत नाही. पाय मोडला की आपण जोडतो, डोळा गेला की शस्त्रक्रिया करतो. यांचं शरीर तेवढं का सोडायचं? आणि माझी गाडी उन्हात राहील. सुतारकाकांना त्यांची शेड परत द्या."

साहेबांना एवढ्या लोकांसमोर नाही म्हणता आलं नाही. चारही गोष्टी मंजूर झाल्या, आणि ती बातमी हॉलमध्ये पोचली तेव्हा टाळ्यांचा आवाज बंद दारातून खुराड्यातही ऐकू आला.

पुढे बसवालीला दिवस गेले. मग एके दिवशी बाळाचे ठोके ऐकू आले आणि तिने भर खोलीत मोठ्याने सांगितलं की हा आवाज सर्व्हिसिंग झालेल्या तिच्या बसच्या इंजिनासारखाच आहे, नियमित. शिंपी शेजारी उभा राहून नुसता हसत होता.

तिच्या निरोपाच्या शनिवारी खुराडेवाली पहिल्यांदा खाली आली. परतल्यावर अंघोळ करावी लागणार होती, कपडे बदलावे लागणार होते. करेन म्हणाली. मुंगीही आली होती, कामाचं काही निमित्त काढून.

पाळणा तयार होता. काकांनी या वेळी वॉर्निशला हात लावला नव्हता. लाकूड नुसतं घासून घासून एवढं गुळगुळीत केलं होतं की गालाला लावावं. डोक्याच्या बाजूला एक छोटी बस कोरली होती. अक्कांनी नेहमीसारखी चादर उलगडली.

बसवालीने ती चादर त्यांच्या हातातून घेतली आणि घडी करून परत दिली. "अक्का, मागच्या दाराने नको."

"अगं, हॉलमध्ये त्या सगळ्या..."

"मीही त्याच हॉलमध्ये बसायचे. मला वाटायचं, इथून कोणी काही घेऊन जातच नाही. सगळ्या नुसत्या येतात आणि रडून परत जातात. एकदा जरी कोणाच्या हातात पाळणा बघितला असता ना, तर मी मागे पायऱ्यांवर बसून रडले नसते."

अक्कांनी खुराडेवालीकडे बघितलं. तिने मान हलवली.

शिंप्याने एक बाजू धरली, सुतारकाकांनी दुसरी. बसवाली पुढे चालली, बस वळवताना जशी आरशात बघते तशी मागे बघत, रस्ता करून देत. हॉलमधल्या सगळ्या बायकांच्या माना वळल्या. अक्कांनी श्वास रोखून धरला होता.

मधल्या बाकावर एक मास्तरीण बसली होती. त्या सोमवारच्या तीन बश्यांतली एक तिची होती. पाळणा जवळ आला तशी ती उठली. अक्का पुढे सरसावल्या. पण मास्तरणीने वाकून त्या कोरलेल्या बसवरून बोट फिरवलं, चाकांवरून, खिडक्यांवरून.

"कितवा प्रयत्न होता तुमचा?" तिने विचारलं.

"तिसरा," बसवाली म्हणाली.

"माझा पुढच्या महिन्यात पुन्हा पहिला आहे." तिने सुतारकाकांकडे वळून बघितलं. ते मान वर करायला धजत नव्हते. "काका, मी शाळेत शिकवते. माझ्या पाळण्यावर फळा कोरा. आणि त्यावर काही लिहू नका. ते माझं मी लिहीन."

काकांनी मान वर केली. त्यांनी फळ्याचा चौकोन हातानेच हवेत काढून दाखवला. मास्तरणीने तो थोडा आणखी रुंद करून दाखवला.